आठच्या ठोक्याला भरलेली गाडी

२३ जून २०२५, सोमवार. त्या दिवशी सकाळी आठ वाजता २२ ऑगस्टच्या गाड्यांचं आरक्षण उघडलं. गणपती २७ तारखेला, बुधवारी. म्हणजे शुक्रवारी रात्री निघून शनिवारी गावात पाय ठेवणाऱ्यांची ही पहिली तुकडी. तिथून पुढचे चार-पाच दिवस बोरिवलीपासून भांडुपपर्यंत, विक्रोळीच्या पार्कसाइटपासून मुलुंडच्या चाळींपर्यंत सकाळी आठला एकच कार्यक्रम. मुलगा लॅपटॉपवर, सून मोबाइलवर, काका पहाटेपासून स्टेशनच्या खिडकीपुढे रांगेत आणि गावाकडून फोन : ‘तिकिटा गावली काय?’ एक-दोन मिनिटांत पडद्यावर ‘रिग्रेट’ उमटतं. वेटिंगची यादीसुद्धा भरली, असा त्याचा अर्थ. गाडी सुटायला दोन महिने असतात आणि ती भरून गेलेली असते.

मग दिवसभर लोकलमध्ये, ऑफिसात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच निदान केलं जातं : ‘एजंटांनी खाल्ली.’ हे निदान अगदीच खोटं नाही. आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉग-इनचे जे प्रयत्न होतात त्यांतले निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसं नव्हे, सॉफ्टवेअर करतं, असं रेल्वेनेच २०२५ च्या जूनमध्ये सांगितलं; अडीच कोटींहून जास्त खाती बंद केल्याचंही सांगितलं. १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधार सक्तीचं झालं, एजंटांना पहिली तीस मिनिटं बंदी आली, आणि १ ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाचीही पहिली पंधरा मिनिटं आधार-पडताळणी झालेल्या खात्यांसाठी राखून ठेवली गेली. सगळं योग्यच झालं. पण उद्या झाडून सगळे एजंट तुरुंगात घातले तरी गणपतीचं तिकीट दुसऱ्या मिनिटाला मिळणार नाही, असं माझं मत आहे. त्याचं कारण साध्या हिशेबात आहे.

नव्या एलएचबी बांधणीच्या स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. गाडीला स्लीपरचे सात डबे धरा, ५६० बर्थ झाले. त्यांतून तत्काळचा कोटा काढा, महिलांचा, ज्येष्ठांचा, मधल्या स्टेशनांचा, मंत्री-खासदारांच्या शिफारशींचा काढा. आठच्या ठोक्याला सर्वसाधारण कोट्यात तीन-साडेतीनशे उरले असं समजू. एका तिकिटावर सहा माणसांची नावं घालता येतात, आणि गणपतीला एकटादुकटा कोण जातो? आई-वडील, दोन मुलं, एखादी आत्या. म्हणजे सरासरी पाच माणसं. साठ-सत्तर कुटुंबांनी एकदम बटण दाबलं की त्या गाडीचा स्लीपर संपला. एकट्या भांडुपात एवढी कुटुंबं एखाद्या गल्लीत निघतील.

आता दुसरी बाजू. मे महिन्याच्या सुट्टीतही कोकणात गर्दी असते, पण ती पाच-सहा आठवड्यांवर पसरते. या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या; आंबे तसेही थोडे उशिरा पिकले तर बरंच. गणपतीचं तसं नाही. मुंबईत गणपती मंडळाचा असतो, चुकला तरी दहा दिवसांत कधीही दर्शन होतं. कोकणात तो घरचा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो मूळ घरातच बसतो. चार भाऊ चार उपनगरांत राहत असले तरी गणपती एक, माटवी एक, आरती एक. चतुर्थीच्या सकाळी मूर्ती पाटावर बसायच्या आत पोहोचायचं, उशीर चालत नाही. त्यामुळे सगळी मागणी चतुर्थीच्या आधीच्या तीन-चार रात्रींत येऊन आदळते. एवढ्या रात्रींसाठी कोणतीही रेल्वे कायमचे डबे आणि रूळ बांधून ठेवणार नाही. उरलेले साडेअकरा महिने ते रिकामे राहतील.

रेल्वेने आधी आरक्षण १२० दिवस अगोदर ठेवलं होतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलं. कारण दिलं ते असं : ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांतली सुमारे २१ टक्के रद्द होतात आणि चार-पाच टक्के प्रवासी रद्दही करत नाहीत, येतही नाहीत. निर्णय देशभरासाठी शहाणपणाचा आहे. चाकरमान्याला मात्र तो फारसा लागू पडत नाही. त्याला सुट्टी मिळेल की नाही याची खात्री नसली तरी गणपती कोणत्या तारखेला आहे ते कालनिर्णय घरात आल्या दिवसापासून पाठ असतं.

तिकीट वेटिंगवर गेलं की खरा अभ्यास सुरू होतो. बर्थ म्हणजे मुंबई ते मडगाव एकसंध विकली जाणारी वस्तू नाही. गाडीच्या सुरुवातीच्या भागातून शेवटच्या भागापर्यंत जाणाऱ्यांचा मोठा, सर्वसाधारण हिस्सा वेगळा. मधल्या एका स्टेशनावरून मधल्याच दुसऱ्या स्टेशनापर्यंत जाणाऱ्यांचा सामाईक, छोटा हिस्सा वेगळा. तिकिटावर जीएनडब्ल्यूएल लिहिलं असेल तर तुम्ही पहिल्या रांगेत आहात. या रांगेत रद्द होणारी तिकिटंही जास्त, म्हणून ती सरकते. पीक्यूडब्ल्यूएल असेल तर छोट्या हिश्श्यातलं कुणीतरी गळाल्याशिवाय तुमचा नंबर हलत नाही. म्हणून पहिल्या रांगेतलं ४० वेटिंग कधी कधी दुसऱ्या रांगेतल्या १२ पेक्षा बरं. जुने जाणते लोक पनवेल ते कणकवली असं तिकीट काढतच नाहीत. सीएसएमटी ते मडगाव काढतात, चढायचं स्टेशन ठाणे लिहितात आणि कणकवलीला उतरतात. वरचे पैसे जातात, पण रांग चांगली मिळते. सगळ्यांनीच असं केलं तर कणकवली ते मडगाव गाडी अर्धी रिकामी धावेल, हे खरं. पण ज्याच्या घरी गणपती वाट बघतोय त्याला हे ऐकवून उपयोग नाही.

आरएसी मिळाली तरी घरात पेढे वाटायला हरकत नसते. एका बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून जायचं. पेणपर्यंत अनोळखी असलेली माणसं खेडपर्यंत एकमेकांच्या भावकीचा शोध लावतात. ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं वेटिंग तिकीट हातात राहतं, पण त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. जनरलची वाट धरायची. आणि गणपतीतला जनरल डबा म्हणजे काय, हे ज्याने दिव्याला चढताना एकदा पाहिलंय त्याला वर्णन नको.

तारखेचा एक सापळाही सांगून ठेवतो. सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. त्यामुळे २२ तारखेचं तिकीट म्हणजे २१ च्या रात्री जेवून निघायचं. दरवर्षी एखादं कुटुंब २२ च्या रात्री अकराला दादरच्या फलाटावर पिशव्या टेकवतं. गाडी तोवर सावंतवाडीला जाऊन पोहोचलेली असते.

इथपर्यंतचं दुखणं सगळ्या मुंबईचं. उपनगरांचं आणखी एक आहे आणि ते भूगोलाचं आहे. कोकण रेल्वेच्या गाड्या सीएसएमटी, दादर किंवा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटतात आणि ठाणे, पनवेल करत पुढे जातात. मुलुंडकर सुखी, एक स्टेशन गेलं की ठाणे. घाटकोपरकरांना टर्मिनस उशाशी. पश्चिमेकडच्यांचं काय? १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळमधून उठलेली कितीतरी कोकणी कुटुंबं बोरिवली, दहिसर आणि पुढे विरारपर्यंत गेली. गिरणगावात त्यांना दादर चालत जाण्याइतकं जवळ होतं. आता बोरिवलीहून लोकलने दादर, पूल चढून पलीकडचा फलाट, सोबत मखराचं सामान, दिव्यांच्या माळा, भाच्याची सायकल. अंधेरीकरांना २०१४ च्या जूनपासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा आधार आहे. घाटकोपरला उतरून ठाण्याची लोकल पकडायची, दादर टळतं. पण मोठं सामान घेऊन मेट्रोच्या तपासणीच्या पट्ट्याशी उभं राहिलं की मागच्या रांगेचा राग पाठीला जाणवतो.

पश्चिम उपनगरांतून थेट कोकणात जाणारी नियमित गाडी मिळायला २०२४ चा ऑगस्ट उजाडावा लागला. २९ तारखेला बोरिवलीहून वांद्रे-मडगाव एक्स्प्रेसला झेंडा दाखवला गेला. गाडी आठवड्यातून दोनदाच, आणि वसईवरून फिरून जाते. या फिरण्यातच गोम आहे. वसई रोडहून दिव्याकडे जाणारा फाटा गुजरातकडून येणाऱ्या गाड्यांना सरळ पडतो. मुंबईकडून गेलेल्या गाडीला वसईला थांबून इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, मग ती उलट्या तोंडाने निघते. हे टाळण्यासाठी नायगाव आणि जूचंद्र यांना जोडणारी, सहा किलोमीटरांच्या आतली एक जोडमार्गिका मंजूर झालेली आहे. उपनगरातल्या कोकणी माणसाने या सहा किलोमीटरांकडे बुलेट ट्रेनपेक्षा जास्त लक्ष ठेवावं, असं मला वाटतं.

गाडी मिळाली, सामान बाकड्याखाली सरकलं, तरी ती वेळेवर पोहोचेल असं कुणी धरून चालत नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरांची. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण झाला. सह्याद्रीची शेपटं कापत, नव्वदीच्या घरात बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास पूल बांधत एवढं काम सात-आठ वर्षांत झालं, हा पराक्रमच. पण पैसा बेताचा होता म्हणून मार्ग एकेरी झाला, आणि बहुतेक ठिकाणी आजही एकेरीच आहे. रोहा ते वीर हा ४६-४७ किलोमीटरांचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा दुहेरी करायचा, तर शेजारी तेवढाच दुसरा बोगदा खणावा लागेल.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना चुकवू शकतात. एकीने बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचं, दुसरी गेली की निघायचं. दोन स्टेशनांमधला पट्टा एका वेळी एकाच गाडीचा. त्यामुळे एक गाडी वीस मिनिटं रखडली की तिच्यासाठी पुढे थांबलेली समोरची रखडते, तिच्यामुळे तिच्या समोरची. नेहमीच्या दिवसांत हा पसारा कसाबसा बसवलेला असतो. त्यात २०२५ मध्ये देशभरातून गणपती विशेष गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर झाल्या, त्यांतल्या २९६ एकट्या मध्य रेल्वेच्या. बहुतेकांची वाट हीच. वेळापत्रकात राजधानी आणि वंदे भारतला मान आधी, रोजच्या गाड्यांना मग, आणि विशेष गाडी शेवटच्या पंगतीला. ‘जादा गाडी सोडा’ ही मागणी मान्य झाली की सगळ्याच गाड्या थोड्या थोड्या उशिरा धावू लागतात. एका टोकाला डबा जोडला म्हणून मधला रूळ रुंद होत नाही. म्हणून विशेष गाडीचं तिकीट सहज मिळालं तर खुशाल घ्यावं, पण सोबत डबा दोन वेळचा न्यावा.

त्यात पाऊस. गणेशचतुर्थी नेहमी कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकातच येते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्यांचा वेग उतरवलेला असतो आणि मुसळधार असेल तर ताशी ४० किलोमीटरांवर आणतात. डब्यातली तरणी पोरं यावरून चेष्टा करतात. त्यांनी २२ जून २००३ ची रात्र विचारावी. कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी, नावच हॉलिडे स्पेशल, वैभववाडीजवळ दरड कोसळून घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. मे महिन्याची सुट्टी संपवून, शाळा सुरू झाल्या म्हणून परतणारी कुटुंबं त्यात होती. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर कडे कापून उतार सौम्य करणं, जाळ्या बांधणं, पावसात रुळांवरून दिवसरात्र गस्त आणि उतरवलेला वेग हे सगळं आलं. रात्री दोनला कुठल्याशा कड्याखाली गाडी रांगते, तेव्हा पुढे कंदील घेऊन एक माणूस भिजत चाललेला असतो. तास-दीड तास उशीर त्याच्या नावावर सोडून द्यायला काय हरकत आहे?

रेल्वे नको म्हणून गाडी काढणाऱ्यांची कथा निराळी. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता मतदान करतात, एवढंच लिहितो. मात्र खड्ड्यांवर फार लिहिलं गेलंय आणि एक गोष्ट सांगायची राहते. रस्ता किती माणसं वाहून नेईल हे त्याच्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरतं. आदर्श परिस्थितीत एका मार्गिकेतून तासाला साधारण दोन हजार वाहनं जातात. इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठेतून रस्ता एकेका मार्गिकेचा होतो. वर रिक्षा, बैल, हार घेणारे, वडापावला थांबणारे. तिथून हजार जाणं मुश्कील. अलीकडचा रस्ता चौपदरी झाला की गाड्या माणगावपर्यंत लवकर पोहोचतात आणि तिथल्या रांगेत लवकर उभ्या राहतात. एकूण प्रवास तेवढाच. म्हणून तर अनुभवी चालक पुण्याकडून कराडला जाऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतात, नाहीतर कोल्हापूरहून गगनबावडा किंवा फोंडा घाटाने. अंतर वाढतं, पण गाडी चालत राहते, आणि चालत्या गाडीत माणसाची चिडचिड कमी होते. कशेडीच्या बोगद्याने मात्र खरोखर सुख दिलंय. जुन्या घाटातल्या वळणांवर ज्या आयांनी पिशवीत लिंबू आणि आवळासुपारी ठेवली, त्यांना ते जास्त कळेल.

२०२५ मध्ये कोकण रेल्वेने गाड्याच आगगाडीवर चढवायची योजना काढली. कोलाड ते गोव्यातलं वेर्णे, एका फेरीत ४० गाड्या, भाडं ७,८७५ रुपये, प्रवास बारा तासांचा. मालमोटारींसाठी ही सेवा १९९९ पासून चालू आहेच. कल्पना झकास, कारण कोलाडनंतरचा माणगावचा चक्काजाम टळतो. अडचण अशी की कुडाळच्या माणसाने गोव्यात उतरून परत मागे यायचं. मागणीनंतर कणकवलीजवळच्या नांदगावला थांबा दिला गेला. पहिल्या वर्षी प्रतिसाद बेताचाच होता.

या सगळ्या हलकल्लोळात जिच्यावर कुणी अग्रलेख लिहीत नाही ती एसटी. १९४८ च्या १ जूनला नगर-पुणे अशी पहिली बस धावली, तेव्हापासून तिला नावं ठेवण्याची आपल्याला सवय आहे. पण हिशेब बघा. २०२५ च्या गणपतीला तिने ५,००० जादा गाड्या जाहीर केल्या. एका गाडीत ४४ आसनं धरली तर २ लाख २० हजार माणसं. रेल्वेच्या ३८० विशेष फेऱ्यांतल्या निम्म्या जातानाच्या, आणि एकेका गाडीत बाराशे माणसं धरली तर २ लाख २८ हजार. म्हणजे विशेष आगगाड्यांच्या तोडीस तोड माणसं लाल डब्यातून जातात, आणि आठच्या ठोक्याला कुणाचा जीव वरखाली होत नाही.

याचं गुपित गटआरक्षणात आहे. वाडीचं मुंबईतलं मंडळ जुलैत बैठक घेतं, माणसं मोजतं आणि सबंध गाडीच ठरवतं. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून पूर्ण माफ. त्यामुळे आजी-सुना-नातींचा गट असला की खर्च ऐकून रिक्षावालाही लाजेल. रेल्वे तुम्हाला स्टेशनापर्यंत नेते आणि तिथून पुढे डोंगरात दहा-पंधरा किलोमीटर तुम्ही आणि रिक्षावाला बघून घ्यायचं. एसटीची गाडी बोरिवलीत सोसायटीच्या नाक्यावर लागते आणि गावात देवळापाशी उभी राहते.

बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीच्या आगारात चतुर्थीच्या दोन-तीन रात्री आधी जाऊन बघावं. काचेवर खडूने वाडीचं नाव लिहिलेलं. टपावर पाट, ढोलकी, प्लॅस्टिकात गुंडाळलेली झुंबरं. हातात यादी घेतलेला मंडळाचा सेक्रेटरी नावं पुकारतोय आणि ज्याचं नाव तो घेतो तो नेमका चहाला गेलेला. चालक पुष्कळदा भलत्याच भागातला, कारण एवढ्या गाड्या कोकणातल्या आगारांत नसतातच. विदर्भ-मराठवाड्यातूनही मागवाव्या लागतात. सपाटीवर आयुष्य काढलेला माणूस पहिल्यांदाच धुक्यातला घाट बघणार असतो. म्हणून वाडीतला एक जाणता त्याच्या शेजारच्या आसनावर बसतो आणि रात्रभर त्याला जागं ठेवतो : ‘हां भाऊ, आता हळू घ्या, पुढे उतार आहे.’ ज्या जिल्ह्यांतून या गाड्या येतात, तिथल्या फाट्यांवर मात्र त्या आठवड्यात लोक बसची वाट बघत उभे असतात. आपल्या सोयीची किंमत तिकडे कुणीतरी भरतो, हे मंडळाच्या सभेत कधी निघत नाही.

रस्ते धड नव्हते तेव्हा समुद्र होता. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’ ही नावं सत्तरीतल्या माणसांपुढे काढा, चेहरा उजळतो. बंदरात बोट लागायची नाही, पडावात उड्या मारून उतरायचं, बायकांच्या डोक्यावर ट्रंका. तरी पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे गणपतीला त्यांचा भरवसा नव्हताच. आणि पावसातल्या समुद्राची भीती कशी असते ते १७ जुलै १९४७ ला मुंबईने पाहिलं. आषाढ अमावास्येसाठी घरी निघालेल्यांनी भरलेली ‘रामदास’ बोट रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. सणाला गावी जायचंच, ही ओढ तेव्हाही इतकीच होती.

मग एवढा त्रास काढून माणसं का जातात? भक्ती, भावकी ही उत्तरं बरोबरच आहेत. आणखी एक उत्तर नेदरलँडमधल्या संशोधकांनी अजाणता देऊन ठेवलंय. येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५३० डच लोकांच्या आनंदाची मापं घेऊन २०१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांतले ९७४ सुट्टीवर जाऊन आले होते. सुट्टीवर जाणारे न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी होते, पण जायच्या आधी. परत आल्यावर, फार निवांत सुट्टी घालवलेले थोडे सोडले, तर दोघांत फरक उरला नव्हता. म्हणजे सुट्टीचा मोठा आनंद तिची वाट बघण्यात खर्च होतो. हे मान्य केलं तर चाकरमान्याइतका श्रीमंत कुणी नाही. कन्फर्म तिकिटाचा कागद देव्हाऱ्यात गणपतीच्या तसबिरीमागे खोचला की पुढचे साठ दिवस साहेबाची बोलणी लागत नाहीत. पूर्वी हे एकशेवीस दिवस चालायचं. रेल्वेने आमचा निम्मा आनंद कापला, अशी तक्रार करायला वाव आहे.

प्रवासातही सुख नाही असं कसं म्हणता येईल? रोहा सुटलं की हिरवा रंग खिडकीतून आत येतो. चिपळूणला वडापाव घ्यायला एकजण उतरतो आणि त्याची बायको दारात उभी राहून गार्डाकडे डोळे लावते. उक्षीला बोगद्याच्या तोंडाशी धबधबा दिसतो आणि वरच्या बर्थवरची सगळी पोरं एकदम खाली येतात. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल लागतो. तो खिडकीतून धड दिसत नाही. फक्त खालची झाडं एकाएकी शेवाळाएवढी होतात आणि डब्यातली बडबड क्षणभर थांबते. मांडवी एक्स्प्रेसने जाणाऱ्यांचं तर दिवसभर खाणंच चालतं. तिचं स्वयंपाकघर सगळ्या मार्गावर नावाजलेलं आहे. कुठल्यातरी आडस्टेशनात क्रॉसिंगला गाडी अर्धा तास उभी राहते, माणसं फलाटावर उतरतात, कुणीतरी पेटी काढतो, टाळ निघतात आणि भजन सुरू होतं. समोरची राजधानी धाडधाड निघून जाते. तिच्या काळ्या काचांमागे कुणाला काही ऐकू जात नाही.

परतीला गर्दी जास्त चिडकी असते, कारण वाट बघण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि सामान दुप्पट झालेलं असतं. पाच-सात दिवसांनी गौरी-गणपती पोहोचवून निघणारे सगळे एकाच रात्री निघतात. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, जनरलमध्ये ३५. घरच्या तांदळाचं पोतं, वीसेक नारळ, दोन भोपळे, पडवळ, तवशी, कुळथाचं पीठ आणि आईने शेवटच्या मिनिटाला कोंबलेली अळूची जुडी मिळून ते किती भरतं हे कुणी वजन करून पाहत नाही. तपासनीस पोत्यावरून उडी मारून पुढे जातो. पहाटे चारला दादर येतं. बोरिवलीची पहिली लोकल लागते, आणि तिच्यात भोपळा कुणाच्या मांडीवर ठेवायचा यावरून सासू-सुनेचं पहिलं भांडण होतं.